खालच्या आरपीएमची ताकद

भंडारा जिल्ह्यात साकोली, लाखनी किंवा पवनी तालुक्यातल्या कुठल्याही गावातून शेताकडे निघा. शेवटच्या घरामागे डांबर संपतं आणि पांदण सुरू होते. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधून बैलगाडी आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, पुढे नाला, नाल्यापलीकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाची उंच पाळ आणि पाळीमागे झुडपी जंगल. उन्हाळ्यात या वाटेवर टाचभर धूळ असते. मृगाचे दोन पाऊस झाले की कन्हार माती चाकाला अशी धरते की चाक आणि मडगार्ड यांच्यात फट उरत नाही. बरडावर गोटे चाकाखालून सरकतात. अशा वाटेवर ताशी 70 किलोमीटरने जाण्याचा प्रश्नच येत नाही. वेग 10 ते 30च्या दरम्यान राहतो, दर शंभर पावलांवर तो शून्याजवळ येतो आणि तिथून पुन्हा उचलावा लागतो.

स्पोर्ट क्वाड या खेळाच्या चारचाकीचं इंजिन मात्र या वाटेसाठी बनवलेलं नसतं. मोकळ्या ट्रॅकवर, वाळूच्या टेकड्यांवर, थ्रॉटल पूर्ण उघडून पळवण्यासाठी ते जुळवलेलं असतं. त्यामुळे पांदणीत ते दोनपैकी एक त्रास देतं: आरपीएम खाली गेले की गचके खाऊन बंद पडतं, किंवा चालवणारा घाबरून क्लच धरून रेस देतो आणि मागची चाकं जागच्या जागी माती उडवत बसतात. यावर बहुतेकांचा पहिला विचार असतो तो ताकद वाढवण्याचा. मोठा पिस्टन, मोकळा सायलेन्सर, वेगळा कॅमशाफ्ट. माझं म्हणणं असं की पांदणीसाठी इंजिनाची सर्वोच्च ताकद वाढवणं हे शेवटचं काम आहे आणि बहुतेक गाड्यांना त्याची गरजच पडत नाही. आहे ती ताकद खालच्या आरपीएमला, न अडखळता, चाकापर्यंत पोहोचवणं हे पहिलं काम आहे.

आधी यंत्राची ओळख. ऑल टेरेन व्हेइकल म्हणजे एटीव्ही या प्रकाराची सुरुवात तीनचाकींपासून झाली. होंडाने 1970 साली फुग्यासारख्या मऊ, रुंद टायरांची 90 सीसीची तीनचाकी अमेरिकेत विकायला काढली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला सुझुकीने चौथं चाक जोडलं. तीनचाकी वळणावर फार सहज उलटत आणि अपघात इतके वाढले की 1988 साली अमेरिकेत त्यांची विक्री थांबली. पुढे चारचाकींचे दोन वंश झाले. एक कामाचा: जड, बहुतेकदा चारही चाकांना ताकद देणारा, आपोआप गिअर बदलणारा. दुसरा खेळाचा: हलका, फक्त मागच्या चाकांना चेनने ताकद देणारा, हाताचा क्लच आणि पायाचे गिअर असलेला. स्पोर्ट क्वाड म्हणतात तो हा दुसरा.

भारतात स्पोर्ट क्वाड अधिकृतपणे फार थोडे आले. त्यातला महत्त्वाचा म्हणजे सुझुकीचा क्वाडस्पोर्ट झेड-400. 2012च्या सुमारास कंपनीने तो इथे विकायला ठेवला होता. त्याचं इंजिन समजून घेण्यासारखं आहे, कारण ते मुळात डीआर-झेड 400 या मोटारसायकलचं. एकच सिलिंडर, 398 सीसी, पाण्याने थंड होणारं, चार व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट. बोअर 90 मिलिमीटर आणि स्ट्रोक 62.6 मिलिमीटर, म्हणजे पिस्टन रुंद आणि त्याचा प्रवास तोकडा. अशी रचना वरच्या आरपीएमला खुलते. काँप्रेशन 11.3 ला 1, पाच गिअर आणि एक रिव्हर्स. हेच इंजिन कावासाकी आणि आर्क्टिक कॅट यांनीही आपापल्या नावाने विकलेल्या क्वाडमध्ये होतं, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि त्यावरचे प्रयोग जगभर विपुल आहेत. पुढची बरीचशी आकडेमोड मी याच इंजिनावर करणार आहे. तत्त्व कुठल्याही एकसिलिंडरी क्वाडला, आणि बहुतांशी मोटारसायकललाही, तसंच लागू पडतं.

आता टॉर्क आणि पॉवर. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला मिळणारा पीळ, पॉवर म्हणजे तो पीळ किती झपाट्याने दिला जातो त्याचं माप. हिशेब सोपा आहे: न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले 9549, की किलोवॅट मिळतात. 35 न्यूटन-मीटरचा पीळ 3500 आरपीएमला मिळाला तर पॉवर होते सुमारे 13 किलोवॅट. तोच पीळ 7000 आरपीएमला मिळाला तर जवळपास 26. चाकाला ढकलणारा पीळ दोन्ही वेळी सारखाच, पण माहितीपत्रकावर छापला जातो तो दुसरा आकडा. म्हणून पॉवर वाढवण्याच्या बहुतेक युक्त्या टॉर्क तेवढाच ठेवून किंवा थोडा वाढवून त्याला वरच्या आरपीएमकडे सरकवतात, आणि त्या सरकण्यात खालचा भाग पोकळ होतो. शंकरपटात एका दमात दाण पार करणारी बैलजोडी आणि गुडघाभर चिखलात दिवसभर चिखलणी ओढणारी रेड्यांची जोडी यांत भंडाऱ्याचा शेतकरी कधी गल्लत करत नाही. क्वाड घेताना तोच शेतकरी पटाचं जनावर घेतो आणि त्याला बांधीत उतरवतो, ही खरी अडचण आहे.

पांदणीतला वेग आणि आरपीएम यांचं नातं आकड्यांत पाहू. मागचा टायर 20 इंचांचा असेल तर त्याचा घेर सुमारे 1.6 मीटर. ताशी 15 किलोमीटरला ते चाक मिनिटाला जेमतेम 157 फेरे घेतं. त्या वेळी इंजिन 4000 आरपीएमला ठेवायचं असेल तर क्रँक आणि चाक यांच्यामध्ये एकूण 25 पटींहून थोडी जास्त घट हवी. ही घट गिअरबॉक्स आणि दोन स्प्रॉकेट मिळून करतात. ती अपुरी असली की पहिल्या गिअरमध्येसुद्धा वेग वाटेपेक्षा जास्त होतो, आणि मग क्लच अर्धा धरून चालवावं लागतं. क्लच जळण्याचं, इंजिन तापण्याचं आणि चालवणारा थकण्याचं मूळ बरेचदा इथे असतं, इंजिनाच्या पोटात नसतं.

म्हणून पहिला खर्च स्प्रॉकेटवर करावा. समजा पुढचं स्प्रॉकेट 14 दात्यांचं आणि मागचं 40 दात्यांचं आहे. गुणोत्तर झालं 2.857. पुढे 13 दात्यांचं बसवलं की ते 3.077 होतं. प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा पीळ 7.7 टक्क्यांनी वाढला. बदल्यात सर्वोच्च वेग सुमारे 7 टक्क्यांनी घटला, आणि पांदणीत त्या वेगाचा काही उपयोग नव्हता.

आता याची तुलना मोठ्या पिस्टनशी करा. या इंजिनासाठी सर्वांत प्रचलित बोअर किट 94 मिलिमीटरची आहे. तिने 398 सीसीचं इंजिन 434 सीसीचं होतं. वाढ 9 टक्के. टॉर्कही साधारण त्याच प्रमाणात वाढेल असं धरू. त्यासाठी हेड खोलायचं, सिलिंडर बदलायचा किंवा नव्याने बोअर करून आत कठीण थर चढवून घ्यायचा, नवा पिस्टन, रिंग, गॅस्केट, पुन्हा जेटिंग म्हणजे कार्बोरेटरची जुळणी, वर जास्तीची उष्णता. आणि मिळकत एका दाताच्या फरकापेक्षा दीडेक टक्काच जास्त! मोठ्या पिस्टनने सर्वोच्च वेग टिकतो हे खरं, पण ज्याला तो वेग नकोच आहे त्याने या खर्चात का पडावं?

स्प्रॉकेट बदलताना पुढचंच बदलावं. मागचं तीन दात्यांनी वाढवूनही जवळपास तेवढाच परिणाम मिळतो, पण क्वाडचं मागचं स्प्रॉकेट सलग अ‍ॅक्सलवर, जमिनीपासून फार कमी उंचीवर असतं. ते जितकं मोठं तितकं बरडावरच्या गोट्याला आधी लागतं. शिवाय चेन लांब लागते. पुढे मात्र 13च्या खाली जाऊ नये. लहान स्प्रॉकेटवर चेनला जास्त वाकावं लागतं, ती लवकर ताणते आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला घासते. टायर बदलतानाही हा हिशेब विसरू नका. चिखलात वर राहता यावं म्हणून 20 ऐवजी 22 इंचांचे टायर घातले की घेर 10 टक्क्यांनी वाढतो, आणि स्प्रॉकेटने मिळवलेलं सगळं टायर खाऊन टाकतो. उंच टायर हवेच असतील तर स्प्रॉकेटचा बदल ही निवड राहत नाही, ती भरपाई होते.

गिअरिंगचं महत्त्व भंडाऱ्याला परकं नाही. लाखनीजवळ गडेगावच्या औद्योगिक क्षेत्रात अशोक लेलँडचा कारखाना 1980च्या दशकापासून उभा आहे आणि त्याची ओळख ट्रक-बसचे गिअरबॉक्स हीच आहे. एकच इंजिन घाटातल्या टिपरला आणि महामार्गावरच्या बसला वेगळ्या गुणोत्तरांनी जोडलं जातं, हे तिथे काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाच धडा बाहा एसएई इंडिया या स्पर्धेत मिळतो. 2007 साली इंदूरजवळच्या पीथमपूरला ती सुरू झाली. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे संघ त्यात मोठ्या संख्येने उतरत आले आहेत. प्रत्येक संघाने एका माणसाची, खडतर वाटेवर चालणारी गाडी स्वतः बनवायची. इंजिन मात्र सगळ्यांना एकसारखं, बराच काळ ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 305 सीसीचं, 10 अश्वशक्तीचं होतं. त्या इंजिनात फेरफार करायला नियमाने बंदी. तरीही एक गाडी चढ चढते आणि दुसरी अर्ध्यावर थांबते. फरक पडतो तो पट्ट्यावर चालणाऱ्या गिअर व्यवस्थेतल्या स्प्रिंग आणि वजनांच्या जुळणीने, गाडीच्या वजनाने आणि टायरने. इंजिनाला हात न लावता किती मिळवता येतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

दुसरी पायरी हवेची. कारखान्यातून येणाऱ्या क्वाडचा एअरबॉक्स आवाजाच्या नियमांसाठी बराच कोंडलेला असतो. झाकण असतं, त्याला अरुंद नळी असते. झाकण काढून टाकलं किंवा त्यात तीन इंच बाय तीन इंचांचं चौकोनी भोक पाडलं की इंजिन मोकळा श्वास घेतं, हा डीआर-झेड चालवणाऱ्यांचा जगभरातला जुना उपाय आहे. तो काम करतो यात शंका नाही. पण त्याचा फायदा जास्त करून अर्ध्याहून अधिक थ्रॉटलवर मिळतो, आणि आपल्याकडे त्याची किंमत मोठी आहे. तेच झाकण नाल्यातलं पाणी आणि बांधीतला चिखल फिल्टरपासून दूर ठेवतं. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, त्याला जागा मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जून ते सप्टेंबर झाकण आणि नळी जागेवर असावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. भोक पाडायचंच असेल तर दुसरं झाकण घेऊन त्याला पाडावं आणि ते फक्त कोरड्या महिन्यांत लावावं.

झाकणापेक्षा जास्त फरक फिल्टरच्या निगेने पडतो. फाल्गुनापासून मृगापर्यंत पांदणीतली धूळ पिठासारखी बारीक असते, आणि तिच्यातले वाळूचे कण काचेइतके कठीण. ते सिलिंडरच्या भिंतीवर गेले की रिंगा झिजतात, काँप्रेशन उतरतं, आणि खालच्या आरपीएमची ताकद सगळ्यात आधी जाते. अशा धुळीला तेल लावलेला फोमचा फिल्टरच हवा. तो केरोसीनमध्ये धुवावा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत पूर्ण वाळवावा, फिल्टरचं चिकट तेल सगळीकडे मुरवून जास्तीचं दाबून काढावं, पिळू नये. पेट्रोलने धुतला तर जोडाचा गोंद सुटतो आणि धूळ त्या फटीतून सरळ आत जाते. फिल्टरच्या कडेला ग्रीसची पातळ रेघ द्यावी. उन्हाळ्यात पुढच्या गाडीच्या धुळीत दिवसभर चालवलं असेल तर फिल्टर त्याच संध्याकाळी धुवायला हवा. चोंदलेल्या फिल्टरवर कुठलाही महागडा सायलेन्सर काही करू शकत नाही.

तिसरी पायरी इंधनाची, आणि इथे विषय खऱ्या अर्थाने रंगतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून देणारे तीन मुख्य भाग असतात. थ्रॉटल बंद असल्यापासून पाव उघडेपर्यंत पायलट जेटचं राज्य. पाव ते पाऊण यांच्यात निडल, म्हणजे सुई, आणि तिची क्लिप कोणत्या खाचेत आहे त्यावर मिश्रण ठरतं. पाऊण ते पूर्ण उघडलेल्या थ्रॉटलवर मेन जेट. आता पांदणीत थ्रॉटल किती उघडं असतं? बहुतेक वेळ अर्ध्याहून कमी. तरी गॅरेजमध्ये जेटिंग म्हणजे मेन जेट मोठा टाकणं असंच समजलं जातं. ज्या जेटवर गाडी दिवसातून दोन मिनिटं चालते त्याच्यावर सगळी मेहनत, आणि ज्या दोन भागांवर ती दिवसभर चालते ते कारखान्यातून आले तसेच! पांदणीसाठी आधी पायलट जेट आणि त्याचा मिश्रणाचा स्क्रू जुळवावा, मग सुईची क्लिप एक खाच वर-खाली करून पाहावी. थ्रॉटल हळूच उघडताना इंजिन क्षणभर दचकतं आणि मग उचलतं, तो दचका इथेच दुरुस्त होतो. चिखलातून बाहेर पडताना नेमका तोच क्षण महत्त्वाचा असतो.

भंडाऱ्यात या जुळणीवर दोन गोष्टींचा उलटसुलट ताण येतो. पहिली उष्णता. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो 10 अंशांच्या आसपास येतो. 45 अंशांची हवा 10 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 11 टक्के विरळ असते. म्हणजे प्रत्येक घोटात तितका ऑक्सिजन कमी, आणि इंजिन तितकं कमजोर. साधा कार्बोरेटर मात्र पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात मिश्रण काहीसं घट्ट, म्हणजे रिच होतं. दुसरी गोष्ट इथेनॉल. 2025 पासून देशभरच्या पंपांवर ई-20 पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल ऊस आणि मक्याबरोबर तुकडा तांदळापासूनही बनतं, तेव्हा धानाच्या या जिल्ह्याचा त्याच्याशी दूरचा संबंध आहेच. शुद्ध पेट्रोलच्या 1 किलोला जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, ई-20ला सुमारे 13.5. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणून जुन्या पेट्रोलसाठी लावलेल्या जेटवर ई-20 चालवलं की मिश्रण पातळ, म्हणजे लीन होतं.

हे दोन परिणाम मे महिन्यात एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. जानेवारीच्या पहाटे उष्णतेचा आधार नसतो आणि ई-20चा लीनपणा उघडा पडतो: गाडी सुरू व्हायला वेळ, खालच्या आरपीएमला फटफट, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फुटाणे. तेव्हा उन्हाळ्यात जुळवलेली गाडी हिवाळ्यात चुकते, यात मेकॅनिकचा दोष नाही. पायलट जेट एक नंबर वाढवणं किंवा क्लिप एक खाच खाली नेऊन सुई वर उचलणं, एवढ्याने बहुधा भागतं. 2009 नंतरच्या झेड-400सारख्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या हवेचं तापमान स्वतः मोजतात, त्यामुळे तिथे उष्णतेचा प्रश्न सुटतो, इथेनॉलचा पूर्णपणे सुटत नाही. आणखी एक काळजी: इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल ठेवू नये, कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करावा, आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप फुगलेत का ते पाहावं.

जुळणी बरोबर झाली का, ते स्पार्क प्लग सांगतो. विटकरी-तपकिरी रंग ठीक, पांढरा पडला असेल तर लीन, काळी काजळी असेल तर रिच. लीनची भीती जास्त धरावी, कारण लीन इंजिन तापतं, आणि 45 अंशांत तापलेलं इंजिन पिस्टनला क्षमा करत नाही.

आता सायलेन्सर. सर्वांत आधी बदलला जातो तो हाच भाग, आणि पांदणीसाठी सर्वांत कमी उपयोगाचाही हाच. इंजिनाला मागून दाब हवा असतो असं एक मत गॅरेजांत ऐकू येतं, ते बरोबर नाही. दाब नको असतो, गती हवी असते. जळालेला वायू वेगाने बाहेर गेला तर तो आपल्यामागे पोकळी सोडतो आणि ती पोकळी सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढते. जाड, मोकळ्या पाइपात खालच्या आरपीएमला वायू मंदावतो, ओढ नाहीशी होते. वर 7000ला गाडी गरजते, खाली 3000ला मेलेली असते.

याचं भारतीय उदाहरण म्हणजे राजदूत 350. यामाहाची मूळ आरडी 350 सुमारे 39 अश्वशक्तीची. एस्कॉर्ट्सने 1983 पासून ती इथे बनवली तेव्हा आधी 30.5 अश्वशक्तीची केली आणि पुढे एक आवृत्ती 27 अश्वशक्तीचीही काढली. इंजिन तेच, वायूच्या वाटा कोंडून स्वभाव बदललेला. तिच्याच घराण्यातलं पाण्याने थंड होणारं 347 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन यामाहाने 1987 पासून बॅन्शी या स्पोर्ट क्वाडमध्ये बसवलं. वाळूच्या टेकड्यांवर बॅन्शीला तोड नव्हती. झाडांमधल्या अरुंद वाटेवर मात्र तिला सतत वरच्या आरपीएमला ठेवावं लागे, खाली आली की दम संपे आणि वर गेली की एकदम उसळे. ताकद भरपूर, पण हवी तिथे नाही.

मूळ सायलेन्सर ठेवण्याचं दुसरं कारण त्यातली ठिणगी अडवणारी जाळी. मोकळ्या सायलेन्सरसाठी ती काढली जाते. एप्रिल-मेमध्ये भंडाऱ्याच्या जंगलात साग आणि तेंदूचा पाचोळा पायाच्या घोट्यापर्यंत साचलेला असतो, मोहफुलं वेचणारी आणि तेंदूपानं तोडणारी माणसं त्याच जंगलात असतात. जळत्या काजळीचा एक कण वणव्याला पुरतो. ही जाळी काढणं मी गुन्हा मानतो. ती अधूनमधून काढून तारेच्या ब्रशने साफ करून परत बसवावी, म्हणजे कोंडत नाही. आवाजाचंही तेच. अमेरिकेत अशा वाटा खास राखलेल्या असतात, तरी तिथेही अनेक राज्यांत नळीपासून 20 इंचांवर मोजलेला आवाज 96 डेसिबलच्या आत लागतो. आपल्याकडे तर पांदण ही कुणाच्या तरी कामाची वाट आहे. शिंगाड्याच्या बोडीवर राखणीला बसलेल्या माणसाने आणि भडकणाऱ्या बैलांनी तुमच्या सायलेन्सरची किंमत का मोजावी?

कॅमशाफ्ट आणि जादा काँप्रेशनच्या पिस्टनबद्दल थोडक्यात. शर्यतीचा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो, खालच्या आरपीएमला ताजं मिश्रण परत बाहेर पडतं, आणि खालची ताकद जाते. मधल्या आरपीएमसाठी बनवलेले सौम्य कॅम मिळतात, पण त्यांचा फायदा स्प्रॉकेटनंतर जाणवण्याइतका उरत नाही. 11.3चं काँप्रेशन आधीच भरपूर आहे. ते 13च्या जवळ नेलं तर मेच्या दुपारी, चिखलाने भरलेल्या रेडिएटरसह, हळू वेगात इंजिन ठोकू लागेल. ई-20चा ऑक्टेन 95 असल्याने थोडी सूट मिळते, पण त्या सुटीवर विसंबू नये.

याउलट दोन कमी प्रसिद्ध गोष्टी पांदणीत खूप कामाच्या आहेत. एक, फ्लायव्हीलला जोडलेलं वजन. जड फ्लायव्हील आरपीएमला एकदम पडू देत नाही. गोट्यावर चाक अडलं तरी इंजिन बंद पडत नाही, आणि ताकद झटक्याने न येता दाबाने येते, त्यामुळे चाक फिरून जागा उकरत नाही. दोन, थंडाव्याची व्यवस्था. रेडिएटरच्या पाकळ्यांत चिखल वाळला की पंखा असून नसल्यासारखा. रेडिएटर मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, जोराच्या फवाऱ्याने पाकळ्या वाकतात. ऑइल जासो एमए प्रमाणाचंच घालावं, मोटारीचं घातलं तर ओला क्लच घसरतो आणि तुम्ही मिळवलेला पीळ तिथेच संपतो.

कुठे चालवायचं, हाही जुळणीचाच भाग आहे. क्वाडला सामान्यतः रस्त्यासाठी नोंदणी मिळत नाही, त्यामुळे शेतापर्यंत तो ट्रॉलीत न्यावा. नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, हे मोटारसायकलवर हे प्रयोग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प ही क्वाडची जागा नाही. तिथे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे आणि तो तसाच लागू राहायला हवा. राखीव जंगलाच्या वाटाही सोडाव्यात. उरतात स्वतःची शेती, पडीत जमीन, आणि मालकाने परवानगी दिलेली बरड. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर चाक चढवू नका. धुरा खचला की बांधीतलं पाणी वाहून जातं आणि ते पाणी परत मिळत नाही.

शेवटी मोजमापाबद्दल. डायनो, म्हणजे ताकद मोजण्याचं यंत्र, आसपास नसलं तरी मोजता येतं. परवानगी असलेला एक चढ ठरवा, पायथ्याशी पूर्ण थांबा, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चढा आणि माथ्यापर्यंतचा वेळ घ्या. तीच जागा, तेच टायर, टायरमध्ये तीच हवा, दिवसाची तीच वेळ. एका वेळी एकच बदल करा: आधी स्प्रॉकेट, मग फिल्टर, मग पायलट जेट आणि सुई. प्रत्येक बदलानंतर त्याच चढावर परत जा, वेळ वहीत लिहा, प्लग काढून पाहा. एवढं करूनही गाडी माथ्याआधी दमत असेल तर काँप्रेशन मोजून घ्या, कारण बहुधा रिंगा झिजलेल्या निघतील आणि नव्या रिंगांनीच काम होईल. ते माप ठीक आलं, तरच मोठ्या पिस्टनचा विचार करा.